रीडिंग

मोरंबा हे नाव आईनं ठेवलेलं,
रंगावरून.
डॉक्टर मिस्किटा केसपेपरवर ते लिहिताना थांबल्या,
मग म्हणाल्या, शुगर चारशे बारा.
हसावं की नाही, दोघांनाही कळेना.

तशी चिन्हं होतीच.
बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून पाणी पीत राहायचा,
ट्रेमधले मातीचे गोळे लिंबाएवढे होते
ते नारळाएवढे झाले,
पाठीचे मणके मोजता यायला लागले
आणि भूक मात्र लग्नघरातली.
मी म्हटलं, उन्हाळा आहे.

मी वीज कंपनीतला माणूस.
एकोणतीस वर्षं विक्रोळीतल्या जिन्यांखाली वाकून
लोकांचे मीटर वाचले.
युनिटं वाढली की लोक हेच म्हणतात.
उन्हाळा आहे.

आता सकाळी एक युनिट, संध्याकाळी एक युनिट,
मानेमागची कातडी चिमटीत धरून.
दूधभात बंद, कुरकुरीत दाणे बंद,
सातला डबा, पुन्हा सातला डबा.
तळमजल्यावरच्या तांडेलबाईंना सांगून आलो.
त्या म्हणाल्या, मासळीनं कधी कुणाला साखर झालीय?
मासळीनं नाही हो, म्हटलं, रव्यानं.
तळलेली मांदेली नको, उकडलेली चालेल.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं उकडलेल्या मांदेलीकडे पाहावं.

दुसऱ्या मजल्यावरची गार्गी त्याला
चहात बुडवलेला बटर द्यायची.
तिलाही सांगितलं.
मग तो माझ्याकडे कशाला येईल, ती म्हणाली.
याचं उत्तर केसपेपरवर नव्हतं.

कान आधी गरम करायचा.
मोज्यात तांदूळ भरून तो तव्यावर शेकायचा,
स्वतःच्या गालाला लावून बघायचा, मग त्याच्या कानाला.
कडेला व्हॅसलिनचं बोट,
म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मणी होऊन बसतो.
शीर सोडून टोचायचं, अगदी काठावर.
पहिल्या दिवशी माझंच बोट टोचलं गेलं.
एकशे अठ्ठेचाळीस.
वाया कशाला घालवा, म्हणून तेही वहीत लिहिलं.

तेराव्या रात्री तो मोरीच्या उंबऱ्याशी
झिंगल्यासारखा उभा.
बावन्न.
हिरड्यांना मध चोळा, डॉक्टर फोनवर म्हणाल्या, बोटानं, हळू.
ज्या बाटलीवर मीच चिकटपट्टी लावून
वरच्या फळीवर चढवली होती,
तीच स्टूल घेऊन खाली काढली.
अडीच वाजता अठ्ठ्याहत्तर, तीनला एकशे चार.
साडेतीनला त्यानं माझं बोट चावलं,
तेव्हा मी दिवा घालवला.

मशीन आईचंच आहे.
तिच्या चष्म्याच्या घराशेजारी पडून होतं,
सेल बदलले आणि चालू झालं.
मागचा बाण दाबत गेलं की
मोरंबाचे आकडे संपतात
आणि मध्ये काहीही न म्हणता
दोन वर्षांपूर्वीची तारीख येते. सकाळी सहा दहा. दोनशे सत्त्याण्णव.
मशीनच्या लेखी पेशंट एकच.

उशीच्या अभ्र्यात ती चिक्की लपवायची.
मी आकडा तिच्या डोळ्यांपुढे धरायचो,
थकबाकीदाराला बिल दाखवावं तसा.
तिचं बोट मी कधी शेकून घेतलं नाही.
दाबायचो, थेंब येत नाही म्हणून आणखी दाबायचो.
तेव्हा मोज्यात तांदूळ भरायचं
कुणी सांगितलं नव्हतं.
सांगायला कशाला हवं होतं.

मेमरीत पाचशे मावतात.
नवा आला की सगळ्यात जुना जातो.
हे मला परवा कळलं, कागदावरची बारीक अक्षरं वाचताना.
आईचे चारशे तीन उरलेत.
रोज रात्री मागून मोजत वहीत उतरवून घेतोय,
तारीख, वेळ, आकडा,
रीडिंग घेण्याची माझी जुनी पद्धत.
जेवणाआधी, जेवणानंतर हे मात्र मशीनला विचारलेलं नाही,
तो रकाना मी अंदाजानं भरतो.

सातला पाच कमी.
डब्याच्या झाकणाशी तो आधीच येऊन बसलाय.
तवा ठेवतो.