किल्ली एक घर फिरवलेली

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसमध्ये, तेराव्या रांगेत
माझं दुकान. परकार ऑटो इलेक्ट्रिक.
पाटीवरचा ‘ट्रि’ गंजून पडलाय, त्याने काही अडत नाही.

सकाळी एक घरटेम्पो आला,
खिडक्यांना पडदे, आत शेगडी, पितळी डबे,
आणि मागे लोखंडी दांड्याला बांधलेली
छोटी पांढरी गाडी,
म्हशीमागे पारडू चालावं तशी.

दोघी बहिणी उतरल्या. कर्णिक.
थोरली म्हणाली, गोव्याहून आलो.
धाकटी म्हणाली, सावंतवाडीहून. गोवा परवाच सोडलं.
मग दोघी मिळून: ही सुरू होत नाही.
पाचशे किलोमीटर चाकं फिरतच होती हो,
बॅटरी उतरेल कशी?

चाकं फिरणं वेगळं, इंजिन फिरणं वेगळं.
ओढून नेलेल्या गाडीत आल्टरनेटर झोपलेला असतो,
त्याचा पट्टा जागचा हलत नाही.
आणि स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून
किल्ली ठेवावी लागते एक घर फिरवलेली.
त्या एका घरात कोण कोण जागं असतं,
डॅशबोर्डचा लाल दिवा, टेपचा हिरवा, पंखा,
सगळे घोट घोट पितात.
पनवेलपर्यंत तळ दिसतो.

मीटर लावला. दहा पॉइंट एक.
सेल्फ नुसता टकटकत होता,
कुलूप असलेल्या घराची कडी वाजवावी तसा.

सोपा इलाज फुकट आहे, म्हटलं,
ओढायच्या आधी निगेटिव्ह काढून ठेवायची.
दहा नंबरचा पाना टर्मिनलला लावला
आणि धाकटीने माझं मनगट धरलं.
ग्रीसने माखलेलं. सोडलं नाही.
‘घड्याळ जाईल.’

वाकून पाहिलं. डॅशबोर्डवर
फिकट आकडे, शेवटच्या घटका मोजणारे,
अकरा मिनिटं पुढे.
ताई, बरोबर वेळ लावून देतो की.
थोरली टेम्पोच्या पायरीवर बसली.
‘बरोबर नकोय.
श्रीरंगने लावलंय. आमचा भाऊ.
सगळीकडे उशिरा पोचायचा, म्हणून स्वतःलाच फसवायचा.’
‘फसायचा कुठे,’ धाकटी म्हणाली.
‘अकरा वजा करून मगच निघायचा.’

पाना खिशात टाकला.
आधी दुसऱ्या बॅटरीवरून जंप दिला,
आकडे जरा उजळले.
मग टॉर्च दातात धरून फ्यूजबॉक्समधला
निळा, पंधराचा, उपटला.
लाल, हिरवा, पंखा, सगळे निजले.
घड्याळाचा फ्यूज वेगळा. त्याला हात लावला नाही.

तेवढ्यावर भागलं असतं.
पण घड्याळालाही रोजचं काहीतरी लागतंच,
म्हणून टेम्पोपासून एक लाल तार ओढली
दांड्याच्या पोटाखालून,
दोन्ही टोकांना फ्यूज, मध्ये डायोड.
म्हणजे थोरली गाडी धाकटीला देईल,
धाकटी थोरलीचं ओढणार नाही.
‘असं असतं का कुठे,’ थोरली म्हणाली,
दुसरीकडे बघत.
स्टिअरिंगखाली एक छोटा मीटर चिकटवला.

अठराशे, डायोडसकट.
थोरलीने दोन हजार दिले,
धाकटीने दोनशे परत मागून घेतले.

संध्याकाळी हात धुताना
शर्टाच्या खिशात निळा फ्यूज.
फोन लावला. ताई, गाडी सुटी करून चालवाल तेव्हा
हा लागेल, वायपर चालणार नाहीत.
कुठेही मिळतो, दहा रुपयाला.
इगतपुरीला चहाला थांबल्या होत्या.
‘घेऊ,’ थोरली म्हणाली. ‘थांबा हं, मीटर बघते.
अगं, तू जा ना, तुझ्या पायात चपला आहेत.’

दार उघडल्याचा आवाज. वारा. कुणाचा तरी ट्रक.
मग लांबून धाकटी:
‘बारा पॉइंट सहा! सात वीस!’

माझ्या भिंतीवर सात वाजून नऊ मिनिटं झाली होती.
बरोबर, मी म्हटलं.