कोणत्या दिवसाचं पाणी

ओइवाच्या सौनाच्या भिंतीवर पेन्सिलीचे आकडे आहेत.
चौतीस हिवाळे तो बर्फाला भोकं पाडून बसला,
शिशाचा गोळा दोराला बांधून खाली सोडला,
आणि हाताला जे लागलं ते घरी येऊन फळीवर लिहिलं:
६.२०. ८.९०. एके ठिकाणी १४.६०,
शेजारी हनुवटीला एकच मिशी असलेला बर्बट मासा,
बरा काढलेला.

मी मे महिन्यात होडी काढली.
बर्फ जाऊन नऊ दिवस झाले होते,
पाणवेल अजून तळाशी झोपलेली;
जुलैत तिचे शेंडेच यंत्राला तळ वाटतात.
होंकावेसीचा नकाशा करायचं काम
तळ्याच्या मंडळानं माझ्या गळ्यात घातलं,
कारण यंत्र माझ्याकडे होतं
आणि बैठकीला मी उशिरा पोचले होते.

दक्षिण काठ, उत्तर काठ, पुन्हा दक्षिण,
वीस वीस मीटर सोडून, पायी चालण्याच्या वेगानं.
जोरात गेलं की पंख्याचा फेस सेन्सरच्या कानात जातो.
पडद्यावर निळ्यावर निळं चढत गेलं.
दोन फेऱ्यांमधलं पाणी यंत्रानं आपल्या मनानं रंगवलं,
आणि इतकं छान रंगवलं
की कुठे मी गेले होते नि कुठे नव्हते
मलाच कळेना.

ओइवानं नकाशा भिंतीला लावून पाहिला.
"तीस," म्हणाला. "सगळीकडे तीसनं जास्त."
मग कॉफी बशीत ओतली
आणि अर्धा तास काही बोलला नाही.

ते तीस सेंटीमीटर शोधायला दोन दिवस गेले.
आधी सापडले चाळीस:
सेन्सर होडीच्या पाठीला, पाण्याखाली चाळीसवर बसवलेला,
आणि तो मोजतो स्वतःच्या पायाखालचं.
डोक्यावरचं पाणी तो धरतच नाही.
म्हणजे फरक तीस नव्हे, सत्तर.
शोधायला निघालो आणि हरवलेलं वाढलं.

(थंड पाण्यात आवाज सावकाश चालतो,
यंत्र त्या उशिरालाच खोली समजतं.
त्याचा हिशेब मी आधीच वेगळ्या पानावर केला होता.)

पुलाच्या खांबापाशी ओइवानं वल्हं थांबवलं.
धरणवाले हिवाळ्यात तळं उतरवून ठेवतात,
वितळणाऱ्या बर्फाला जागा म्हणून.
मार्चच्या खुणेपासून आजच्या पाण्यापर्यंत
त्यानं वीत लावली. तीन विती, दोन बोटं.
"म्हणजे माझे आकडे खरे."
"मार्चमध्ये," मी म्हणाले.
तो पाण्याकडे बघत राहिला.
"हो. मार्चमध्ये."

एक आकडा मात्र कशातच बसेना.
भिंतीवर १४.६०, पडद्यावर नऊ.
गेलो तिथे. इंजिन बंद केलं.
काठाचा कडा तसाच सरळ पाण्यात उतरलेला.
आवाज खाली जाताना घेरदार होत जातो,
जवळचा खडक आधी ओ देतो,
आणि यंत्र पहिल्या ओ देणाऱ्यावर विश्वास ठेवतं.
ओइवानं दोर सोडला.
नवाची गाठ त्याच्या बोटांतून गेली, बाराची गेली,
पंधराची गेली, आणि मग
दोर सैल पडला. पंधरा तीस.
त्यानं गोळा जरा उचलला, टेकवला, पुन्हा उचलला.
"मऊ आहे, केर्त्तू. इथे पाणी कुठे संपतं नि गाळ कुठे सुरू होतो
ते मला विचारू नकोस."

नकाशाच्या कोपऱ्यात मी लिहिलं:
पुलाच्या खांबावर पाणी १२४ असतानाची खोली. १९ मे.
इतर दिवशी आधी खांब पाहावा.
मंडळाला ही ओळ लांबट वाटली.
त्यांना उडी मारायच्या धक्क्यापाशी
एकच आकडा हवा होता, पाटीवर रंगवायला.

शनिवारी सौनात गेले तर
आकड्यांच्या वर पेन्सिलीनं एक शब्द नवा होता: मार्च.
बर्बटाला त्यानं हात लावला नव्हता.