वरणभात संघराज्याशी तह

एस्केपच्या खाली, टॅबच्या डोक्यावर
एक कळ असते, एरवी तिला कुणी विचारत नाही.
ती दाबली की आकाशगंगेवरून
काळी पट्टी घरंगळत खाली येते
आणि एक दांडी लुकलुकत राहते : बोला.

स्विंडनमध्ये रात्रीचे पावणेदोन.
खालच्या लाँड्रीतला ड्रायर थांबला
तेव्हा कळलं, तो इतका वेळ चालू होता.

हा डाव आम्ही दोघांनी मांडलेला,
ऋजुता अकरा वर्षांची होती.
मी रीतसर माणसं घेतली, निळा झेंडा.
तिनं बुरशीतून उगवलेली जमात घेतली
आणि नाव ठेवलं वरणभात संघराज्य.
जहाजं : लिंबू, तूप, लिंबू दोन, मेतकूट.
दर शनिवारी ती माझ्याकडे असायची.
मग एक आड एक शनिवार.
मग शिकायला डंडी.

आता तिचं राज्य मशीन चालवतं.
मशीन फार काटेकोर.
कधीकाळी तिची एक खाण मी गमतीत बळकावली होती,
ते त्यानं लिहून ठेवलंय : उणे चाळीस.
सरहद्दी खेटून आहेत : उणे वीस.
दूत पाठवले, खनिजं पाठवली, फुकट.
उत्तर एकच,
आम्हाला आपल्याशी बोलायचं नाही.
वाक्य खेळातलंच आहे, सगळ्यांना येतं.
मी तरी दोनदा वाचलं.

म्हणून कळ दाबली.
आधी तिच्या देशाचा क्रमांक शोधायचा, सतरा.
मग आज्ञा, मग आकडा.
अक्षर चुकलं तर मशीन तसं सांगतं, रागावत नाही.
विश्वास शंभर. एंटर.
मत दोनशे. एंटर.
बुरशीबाई हसली, तिच्या टोपीवरचे ठिपके उजळले.
तह झाला. सैन्य एक झालं.
इतक्या सहज, की मी उठून चहा टाकला.

पण मैत्री म्हटली की मशीन ती निभावतं.
खालच्या बाजूनं माझ्यावर टोळधाड आली.
मी हाक मारली नव्हती,
तरी लिंबू आलं, लिंबू दोन आलं,
आणि आठ वर्षांपूर्वीच्या एवढ्याशा तोफा घेऊन
मेतकूट आलं,
त्याला मधे कुणी सुधारलंच नव्हतं.

जहाजं अमर करायची आज्ञाही आहे. पाठ आहे मला.
मी कपात दूध ओतत होतो.
वळलो तेव्हा पडद्यावर नुसती यादी.
तूप तेवढं दुरुस्तीला गोदीत होतं, म्हणून राहिलं.
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत :
या डावात आता पदकं मिळणार नाहीत.

फोन घेतला. लिहिलं, मेतकूट गेलं.
खोडायच्या आत पाठवलं.

सकाळी, दात घासताना, तिचं उत्तर :
संपलं? मागवून देऊ का?

तोंडात फेस तसाच ठेवून
एका बोटानं लिहिलं,
तूप आहे अजून.