कापायचे बावीस शब्द

पलीकडच्या गल्लीतले माग थांबले
की आमच्या खोलीत इंग्रजी सुरू होतं.
चॉप. डाइस. मिन्स. स्लाइस. श्रेड.
श्रीशैल भिंतीकडे तोंड करून घोकतो.
मंगळवारी त्याला फोनवर बघणार आहेत
जहाजावरच्या हॉटेलातली माणसं.
समुद्रात कांदा चिरायला
एवढी परीक्षा?

मी सुपात पानं घेऊन बसलेली.
रात्री भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा,
आणि कात्री. तिच्या कडीनं अंगठ्यात खळगा पाडलाय,
तीळ ठेवला तर राहील.

"काय घोकलालास रे?"
"कापायचे शब्द, अम्मा."
"किती?"
"बावीस."

मला हसू आलं.
अरे, मेथी खुडायची, कैरी फोडायची,
लसूण ठेचायचा,
भाकरी मोडायची, कडक असली तर चुरायची,
कापड टरकवायचं, शिवण उसवायची,
आणि शेंगा?
शेंगा फोलायच्या.
कुणी शेंगा चिरल्या म्हणालं
तर अख्खं दत्तनगर हसेल.
हे मला कुणी वहीत लिहून दिलं नाही.
तेलुगू बोलणाऱ्या घरात मी मराठी आणली
भाजीवालीकडून,
पावशेर पावशेर.

मग तो मला शिकवू लागला.
डाइस म्हणजे सोंगटीच्या फाशाएवढे चौकोन.
मिन्स त्याहून बारीक.
"तंबाखूएवढं?"
"हां, तंबाखूएवढं."
काडेपेटीतल्या काड्यांसारखं गाजर, त्याला ज्युलिएन.
"पोरीचं नाव वाटतंय," म्हटलं,
तर चिडला. मंगळवार जवळ आला होता.

थोडं इंग्रजी आमच्याकडे आधीपासून होतं.
दिवाळीचे कपडे कटपीसचे.
ह्याच्या बापाचं नाव टॉवेल कारखान्यातून गेलं
तेव्हा मुकादम म्हणाला, कट झालं.
मराठीत सांगायला जीभ वळली नसेल.
आणि ब्रँचमध्ये चेकर
माझ्या हजार विड्यांतून पन्नास-साठ बाजूला सारतो,
छाट म्हणून.
तुटलेल्या नसतात त्या, फाटलेल्याही नसतात.
परत मात्र मिळत नाहीत.

सतरावा शब्द होता ब्रेक.
"म्हणजे तुटणं. फुटणं. मोडणं."
"सगळ्याला एकच?"
"एकच."
दोरा तुटतो, काच फुटते, हाड मोडतं.
ह्यांना शेजारच्या खोलीतून ओरडून सांगितलं
तर कळणार कसं,
सुई घेऊन धावायचं, झाडू घेऊन,
की रिक्षा बोलवायची?

"ब्रेक द कोकोनट," त्यानं वाचलं.
मी कात्री खाली ठेवली.
चटणीला नारळ फोडतात.
देवापुढं वाढवतात.
बांगडी पिचली तरी वाढवली म्हणायचं,
मंगळसूत्राचा दोरा गेला तरी वाढवलं.
रात्री शटर ओढताना यल्लप्पा किराणावालासुद्धा
बंद करतो म्हणत नाही,
वाढवतो आता, म्हणतो.
वाईट शब्द उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही.
"ह्याला काय म्हणतात तुझ्या जहाजावर?"

तो वहीत बघत राहिला. मग फोनमध्ये.
"इन्क्रीज," म्हणाला,
आणि स्वतःच लाजला.

मंगळवारी दुपारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला,
खाली घरातलीच हाफ पँट.
फोन पाण्याच्या घागरीला टेकवला.
कात्रीचा आवाज जाईल म्हणून
मी हात मांडीखाली दाबून बसले.
पानं वाळत चालली.
डाइस आलं, मिन्स आलं,
ज्युलिएन म्हणताना तो थोडा माझ्याकडे वळला.
पडद्यावरची बाई हसली की रेंज हलली,
कोण जाणे.
ती काहीतरी विचारत होती, तोंड अर्धं उघडं,
आणि पडदा काळा.

"कट झाला?"
"नाही अम्मा," तो म्हणाला,
"वाढवला."

आणि आम्ही दोघं घागरीकडे बघत बसलो,
पुन्हा वाजतोय का म्हणून.