कमरेचं वजन

बावीस वर्षं माझ्या कमरेला किल्ल्या होत्या.
चालताना डावा पाय जरा ओढायचो.
बायको म्हणायची, दिर्सेउ,
झोपेतही तू डावीकडेच कलतोस.

बेलो ओरिझोन्तेच्या त्या जुन्या तुरुंगात
आठ जणांच्या कोठडीत एकतीस माणसं.
पाळीपाळीनं झोपायची. काही जण
गजांना चादरी बांधून अधांतरी.
शेंगेतले दाणेसुद्धा
एकमेकांपासून अंतर राखून असतात.

नावं मी शिकलो नाही.
नंबर पुरत होते.
आणि खोटं कशाला बोलू, मारलंय मी.
माझा हात किती जड होता
ते एका माणसाच्या कानाला अजून ठाऊक असेल,
त्या कानाला आता बाकी काही ऐकू येत नाही.

मग बदली झाली
इथं, कॉफीच्या मळ्यांच्या पायथ्याशी,
पिवळ्या भिंतींच्या या घरात.
(घरच म्हणायचं, असा नियम.)
पहिल्या सकाळी दार वाजवलं
तर आतून कैद्यानंच उघडलं.
किल्ली त्याच्या हातात.
"जुरांदिर," तो म्हणाला, "आणि तुम्ही?"
माझा हात कमरेशी गेला.
तिथं नुसता पट्टा.

आत फार काही नाही.
पाचला उठायचं, अंथरुणाची घडी,
सहापर्यंत पहिली भट्टी.
मंगळवारी वालदिरेने बाई येतात,
पन्नाशीच्या दरोडेखोराचा हात हातात धरून
त्याच्याच आईचं नाव गिरवून घेतात.
जेवायला सुरी मिळते. खरी, धारेची.
पहिला महिनाभर मी घास मोजले नाहीत,
सुऱ्या मोजल्या.
दर वेळी पुऱ्या भरल्या.

सगळं गोड नाही हं.
मार्चमध्ये एदिल्सन बेकरीच्या मागच्या दारानं गेला
तो गेलाच.
जाताना किल्ली खिळ्याला अडकवून गेला,
यावर आम्ही आठवडाभर भांडलो,
याला काय म्हणायचं.
राजधानीहून साहेब आले.
भिंत का वाढवत नाही, विचारलं.
जुरांदिर पिठाचे हात पुसत म्हणाला,
साहेब, तिकडे भिंत उंच होती.
तरी माणसं बाहेर जायचीच.
चौघांच्या खांद्यावरून.

आणि झुल्मीरा बाई.
पेट्रोल पंपामागे एका मोटारसायकलीपायी
जुरांदिरनं ज्याला मारलं
त्याची आई.
दर गुरुवारी पावाची हातगाडी त्यांच्या गल्लीतून जाते
आणि दोन वर्षं त्यांची खिडकी
चाकांचा आवाज आला की बंद व्हायची.

परवा त्या फाटकाशी आल्या.
हातात छत्री, ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.
मला विचारलं, "पीठ तोच मळतो?"
हो म्हणालो.
दुसरं उत्तर शोधलं होतं, सापडलं नाही.
बराच वेळ उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या, "मीठ कमी पडतं,"
आणि गेल्या.

मी जुरांदिरला जसंच्या तसं सांगितलं.
तो परातीकडे बघत राहिला.
"म्हणजे त्यांनी खाल्ला?"
मला काय माहीत.
"पण खाल्ल्याशिवाय कसं कळेल?"
मला काय माहीत, बाबा.

त्या रात्री जुरांदिर मिठाला जागला.
चिमूट घ्यायचा, परत टाकायचा,
परत घ्यायचा.
मी बाकावर बसून पाहत होतो.
माझी ड्यूटी दहालाच संपली होती.

गुरुवारी गाडी गल्लीत शिरली तेव्हा
मी मुद्दाम बरोबर गेलो नाही.
खिडकीचं काय झालं, मला सांगू नका.

संध्याकाळी तोच मला फाटक उघडून देतो.
"उद्या येताय ना?" विचारतो.
हे मी त्याला विचारायचं, खरं तर.
मागे किल्ली फिरते,
आतून.
मी उतारानं घरी निघतो.
डावा पाय अजून ओढतो थोडा,
सवय आहे,
जाईल.