दाबा, धरा, सोडा

वागळे इस्टेट, लेथच्या दुकानामागची बोळ.
माझी चौसष्टची फियाट जॅकवर.
विल्फी घोन्साल्विस ड्रमला हातोडीने टोले देतो,
आठव्या टोल्याला तो सुटतो,
आत काळी भुकटी,
दोन झिजलेले शू, रिव्हेट वर आलेले.

"यावर चालवत होता?"

चालवत होते.
तीन हात नाक्याचा सिग्नल
मला नितीन कंपनीपासूनच लागायचा.
एकदा पाय, पुन्हा पाय,
गाडी उजवीकडे ओढणार
म्हणून स्टिअरिंग आधीच डावीकडे.
शेजारी बसून नवरा
नसलेला ब्रेक दाबायचा.

आता नवे हब, मारुतीची डिस्क,
कॅलिपर धरायला पोलादी पट्टी.
तिचं एक भोक अर्धा मिलिमीटर चुकलं,
त्यात अख्खा शनिवार गेला.

दिवेलागणीला मी पेडलवर, विल्फी चाकाशी उकिडवा,
नळीचं टोक पाण्याच्या जुन्या बाटलीत.
दाबा. धरा. सोडा.
दाबा. धरा.
अहो धरा म्हटलं ना!
सोडा.
बुडबुडे येतच राहिले.
एवढी हवा होती माझ्या भरवशात.

ड्रम त्याने गोणपाटात बांधून डिकीत टाकले.
भंगारचा भाव सांगितला,
मी ऐकला नाही.

गायमुखच्या उतारावर, डंपरच्या मागे,
पाय सवयीने लवकर गेला
आणि गाडी उभी. जागच्या जागी.
डंपर अजून पार तिकडे.
मागच्या टेम्पोने शिवी घातली,
त्याचं बरोबरच होतं.

मधला रस्ता मोकळा पडलेला.
इतकी वर्षं
इथेच कुठेतरी
मी थांबत असायचे.