दोनशे चौदा नंबरचा पुठ्ठा

वंगारींनी माग विकले त्या आठवड्यात
मल्लेशम जॉबरने एक पोतं
बालवाडीच्या दारात आणून टेकवलं.
"बाई, भंगारवाला किलोला अकरा रुपये देतोय.
त्यापेक्षा पोरांना काही होतंय का बघा."

पोत्यात जकार्डचे पुठ्ठे.
हातभर लांब, दोरीने एकाला एक गाठलेले,
अंगभर भोकं, कोपऱ्यात निळ्या शाईचा नंबर.
हलवलं तर अजून कापसाची पूड उडत होती.

अहवालात एक रकाना असतो : टाकाऊतून टिकाऊ.
दर महिन्याला मी तो भरते
आणि दर महिन्याला पेन जरा अडतं.
टाकाऊ, असं आधी कुणी ठरवलं?

मैद्याची खळ शिजवली.
सूत ताठ व्हावं म्हणून यांच्या घरी पूर्वी शिजायची तशीच,
फक्त पातळ.
तौफिकने बोट बुडवून चाखली,
मग सगळ्यांनीच चाखली,
"मीठ नाय बाई," म्हणाला शरणू.

सात कात्र्या. धार एकीलाच.
ती लावण्याकडे गेली, मी न देताच.
तिने रंगीत कागदाचे चौकोन कापले, एकसारखे, न आखता,
एकेक गुंडाळला
आणि टोक नखाने आत दुमडलं.
फूल करायचं होतं.
पुढ्यात पंचवीस नळ्या झाल्या तेव्हा
तिने त्यांना दोरा बांधला आणि
हिशोबाला द्यावा तसा कट्टा माझ्यापुढे धरला.
साडेचार वर्षांची आहे.
मी तिची बोटं धरायला गेले,
काय सांगायला, ते माझं मलाच सुचेना.
"छान," म्हणाले.
तो शब्द दिवसभर दातात अडकून राहिला.

मग लाईट गेली.
आजूबाजूचे माग एकदम गप्प,
आणि त्या शांततेत
शरणूने एक पुठ्ठा खिडकीला लावला.
फरशीवर उन्हाचे ठिपके पडले.
एप्रिलचं ऊन, सोलापूरचं,
ज्याला आम्ही सगळे शिव्या घालतो,
ते असं साबुदाण्याएवढं होऊन आत आलं.
पोरं ओंजळीत धरायला धावली.
लावण्यानेही कट्टा सोडला.
तौफिकने मूठ बंद करून खिशात घातली
आणि खिसा दाबून धरला, घरी जाईपर्यंत.

उरलेले पुठ्ठे आम्ही शिवले.
सुया नाहीत, बुटाच्या नाड्यांची टोकं.
लाल, पिवळं, चादरींच्या काठातून उरलेलं सूत,
या भोकातून खाली, त्या भोकातून वर,
कुणाचंच कशाला जुळेना.

सुटायच्या वेळेला
अंबिकेला न्यायला तिचा आजोबा आला, नरसय्या येमूल.
चाळीस वर्षं माग चालवून कान गेलेत,
म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतो.
"इदि एंदि?"
पुठ्ठा हातात घेतला.
डोळ्यांनी नाही, अंगठ्याने वाचला,
डावीकडून उजवीकडे, सावकाश.
"दोनशे चौदा," नंबर न बघता म्हणाला.
"मोराची मान."
मग मलाच समजावल्यासारखं :
"आख्खी नाही हां, बाई.
एका पुठ्ठ्यात एकच धागा बसतो.
मानेतला एक धागा. निळा."

अंबिकाने त्यावर लाल सूत भरलं होतं.
"मोर नाही. कुत्रा आहे," ती म्हणाली,
त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात.

म्हातारा बघत राहिला.
वंगारींच्या चादरीत एक धागा चुकला
तर पाच रुपये कापायचे, हे मला ठाऊक होतं.
तो पुठ्ठा उजेडाकडे तिरका करत म्हणाला,
"दोन भोकं सोडलीस."

"सोडली नाहीत," अंबिका म्हणाली,
"तिथून तो बघतो."

आजोबाने पुठ्ठा डोळ्याला लावला.
आधी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग रस्त्यापलीकडच्या शेडकडे,
जिथे अजून कुलूप नवं होतं.

मी अहवालात लिहिलं :
उपस्थिती एकोणीस. साहित्य, पुठ्ठा, सूत.
फोटो काढायचा राहिला.
कुत्रा घरी गेला होता.